मीडिया वॉलचे वाढीव बारा दिवस

१

सोमवारी सकाळी दहाला दिलशाद मिस्त्रीने राजाराम गजभियांच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि हातातला टेप तसाच खाली ठेवला. शनिवारी संध्याकाळी जी भिंत जवळजवळ पुरी करून तो गेला होता, ती पुन्हा उघडी पडली होती. उभ्या लाकडी पट्ट्या, मोजून नऊ, सोफ्याशेजारी एकावर एक रचलेल्या. खालच्या कपाटाची तिन्ही दारं निघून बाजूला टेकवलेली. दिव्यांची पट्टी खोबणीतून निघून गुंडाळी होऊन पडलेली. पंच्याहत्तर इंची टीव्ही मात्र खोक्यात जसाच्या तसा होता, त्याला कोणी बोटही लावलं नव्हतं.

ही चौथी खेप होती. दर वेळी दिलशाद म्हणायचा, "बस अंकल, कल खत्म," आणि दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर भिंतीचा सांगाडा. मग सैल झालेली भोकं भरा, सुकवा, पुन्हा पॉलिश मारा, पुन्हा ठोका, असे चार-चार दिवस जायचे.

ग्रेटर नोएडातल्या त्या अकराव्या मजल्यावर गजभिये एकटे राहत. मूळचे भंडाऱ्याचे, चौतीस वर्षं दिल्लीतल्या एका केंद्रीय मंत्रालयात फायली पुढे सरकवून निवृत्त झालेले. पत्नी चंदा दीड वर्षापूर्वी गेली. मुलगा सिद्धांत टोरांटोला. मीडिया वॉलची कल्पना त्याचीच होती: एवढा मोठा टीव्ही लावायचा की व्हिडिओ कॉलवर बापलेक समोरासमोर बसल्यासारखे दिसतील. अंदाज होता एक लाख ऐंशी हजारांचा आणि बारा दिवसांचा. तीन मोडतोडींत बारा दिवस वाढले होते, तीस हजार रुपये वाढले होते, आणि आता ही चौथी.

सिद्धांतने त्याच सकाळी सुनेत्राबाईंना फोन लावला.

"मावशी, बिल्कुल साफ दिसतंय यार. मिस्त्री दिवसाच्या हिशेबाने पैसे घेतो. स्वतःच खोलतो, स्वतःच लावतो. बाबांना कळत नाही. तुम्ही ऑडिटमध्ये होतात, तुम्ही पकडा त्याला. मग मी सोसायटीला सांगून त्याचा गेट पास रद्द करतो आणि पोलिसातही देतो."

"आधी बघू तर दे मला," सुनेत्राबाई म्हणाल्या.

सुनेत्राबाई त्याच सोसायटीत, सी टॉवरच्या नवव्या मजल्यावर राहत. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे खर्च तपासले, स्वतःचा संसार काही झाला नाही. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकांचा गठ्ठा गायब झाला तेव्हा तो कोणाच्या दिवाणात आहे हे त्यांनीच दोन फोनांत काढलं होतं. तेव्हापासून कुठे काही पाणी मुरतंय असं वाटलं की लोक त्यांना बोलावत. एरवी फारसं कोणी बोलावत नसे.

त्या आल्या, चष्मा पुसला आणि मोडलेल्या भिंतीपुढे खाली बसल्या. स्टीलच्या वाटीत स्क्रू होते. लांब एका बाजूला, आखूड दुसऱ्या. शेजारी कपाटाच्या सहा बिजागऱ्या एका दोरीत ओवून ठेवलेल्या होत्या. दोरी पांढऱ्या सुताची, दोन्ही टोकांना पत्र्याची टोपी. सुनेत्राबाईंनी बिजागऱ्या वाटीत सोडल्या, दोरी बोटाला गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली.

"काल तुम्ही घरी होतात का, गजभिये साहेब?"

"नाही मॅडम. रविवारी मी कस्तुरबा गांधी मार्गाला जातो. आपल्या राज्याच्या अतिथिगृहात मराठी पेपर वाचतो, तिथंच जेवतो, संध्याकाळी परत." गजभियांनी चहा पुढे केला. "बिस्किट घ्या ना. तुमच्याकडे सुतारकाम केव्हा झालं होतं?"

"झालंच नाही. स्वयंपाकघरातली कपाटाची दारं लोंबतायत दोन वर्षं. कोण बघतंय."

चहा चांगला होता, आलं घातलेला. सुनेत्राबाईंनी तो हळूहळू संपवला आणि उठताना म्हणाल्या, "चौकशी करावी लागेल. चार दिवस तरी लागतील. उद्या येते."

"या ना. बिल्कुल या," गजभिये म्हणाले.

२

मंगळवारी चौकशी सुरू झाली. फ्लॅटच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: गजभिये, दिलशाद आणि भिंतीचं चित्र काढून देणारी डिझायनर इशिता. आणि संध्याकाळी फिरायला जाताना गजभिये दार नुसतं ओढून घेत, त्यामुळे शेजाऱ्यांनाही मज्जाव नव्हता.

इशिता दिल्लीतच वाढलेली मराठी मुलगी. आई-वडिलांशी जेवढं मराठी बोलली तेवढंच तिच्याजवळ उरलेलं.

"बिजागरी म्हणजे कब्जा ना, आंटी?" तिने विचारलं. "हां, मग त्याचं मला काय माहीत. मी तर हा प्रोजेक्ट संपायची वाट बघतेय."

"दुकानदाराकडून तुला कमिशन मिळतं?"

इशिताने जरा वेळ फोनकडे पाहिलं. "प्लाय आणि लॅमिनेटवर मिळतं. सगळेच घेतात आंटी. अंकलना सांगू नका प्लीज."

म्हणजे हेतू होता. माल खराब झाला की नवा मागवायचा, नवा मागवला की पुन्हा कमिशन. सुनेत्राबाईंनी वहीत तिचं नाव लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

खालच्या मजल्यावरचा नीरज घरूनच नोकरी करणारा. महिनाभर डोक्यावर ड्रिल चालू असल्याने तो सोसायटीकडे तीन तक्रारी करून बसला होता. दारातच उभा राहून बोलला.

"मैडम, मैं पागल हो गया हूँ. मीटिंग में बैठूँ तो ऊपर घर्र-घर्र. मन करता है जाकर सब तोड़ दूँ."

"तोडलंत का?" सुनेत्राबाईंनी हिंदीत विचारलं आणि त्याच्या चेहऱ्यावर नजर रोखली.

तो हसला. "तोड़ता तो आवाज़ होती. हाँ, कारीगर लोग जाते हैं, उसके बाद कभी-कभी कुछ आता है ऊपर से. बहुत धीरे-धीरे. जैसे कोई बैठकर कुछ खोल रहा हो. परसों भी आया था, संडे को, दोपहर में. अंकल के कुकर की सीटी के बाद."

सुनेत्राबाईंनी तेही लिहून घेतलं. कुकरची शिट्टी मात्र लिहिताना त्यांचा हात थोडा थबकला.

दिलशाद सर्वांत शेवटी. तो सहारनपूरचा. तिथल्या लाकडी नक्षीकामात हात बसलेला, गेली नऊ वर्षं या सोसायटीच्या अकरा टॉवर्समधली कामं करून घर चालवणारा. गेट पास गेला तर त्याला पुन्हा कुठल्या तरी चौकात मजूर म्हणून उभं राहावं लागलं असतं, आणि हे त्याला न सांगताही ठाऊक होतं. तो वाटीतले स्क्रू उलटेपालटे करत होता.

"ये मशीन से नहीं खुले, मैडम. हाथ के पेचकस से खुले हैं. देखिए, मुँह छिल गया है. मेरा मशीन यहीं रखा रहता है. मैं खोलता तो हाथ क्यों दुखाता?"

"मग कोणी खोलले?"

दिलशादने वाटी खाली ठेवली. "मुझे काम करना है मैडम, नाम लेना नहीं है." आणि तो सैल झालेली भोकं भरायला वळला.

त्या संध्याकाळी सिद्धांतचा फोन आला तेव्हा सुनेत्राबाई म्हणाल्या, "चौकशी चालू आहे." दुसरंही काही म्हणता आलं असतं. त्यांनी ते म्हटलं नाही.

३

बुधवारी सकाळी दिलशाद आला नाही. त्याचे दोन साथीदारही नाहीत.

सुनेत्राबाई अकराव्या मजल्यावर पोचल्या तर गजभिये हॉलमध्ये पानिपतची जुनी सतरंजी अंथरून चार ताटल्या मांडून बसले होते. मध्ये पोह्यांचं पातेलं, वर झाकण.

"दहा वाजून गेले," ते म्हणाले. "फोन उचलत नाही. बिमार तर नसेल ना? काल काही म्हणाला नाही."

"येईल," सुनेत्राबाई म्हणाल्या आणि बिलांची फाइल मागून घेतली.

हे त्यांचं खरं काम. तासाभरात त्यांनी दोन लाख दहा हजारांची चिरफाड केली. प्लाय, लॅमिनेट, पट्ट्या, दिवे, स्क्रू: अंदाजात जेवढं, बिलात तेवढंच. चार वेळा भिंत उकलली गेली, पण एकही फळी तुटली नव्हती, एकही पट्टी नव्याने आणावी लागली नव्हती. वाढलेले तीस हजार सगळेच्या सगळे मजुरीचे. तीन माणसं, रोजचे अडीच हजार, बारा दिवस.

म्हणजे इशिता सुटली. तिचं कमिशन मालावर, आणि माल तर एक रुपयाचाही वाढला नव्हता. नीरजही सुटला, कारण प्रत्येक मोडतोडीने त्याच्या डोक्यावरचं ड्रिल चार दिवस पुढे ढकललं जात होतं. उरला दिलशाद. पैसे त्याच्याच खिशात गेले होते. पण ई टॉवरमध्ये एका स्वयंपाकघराचं मोठं काम त्याच्यासाठी थांबलं होतं आणि इथे अडकल्यामुळे ते परवाच दुसऱ्याला गेलं, हे सुनेत्राबाईंनी ई टॉवरच्या मालकिणीलाच विचारून ठेवलं होतं. तीस हजारांसाठी कोणी लाखाच्या कामावर पाणी सोडत नाही.

मग उरले फक्त घरमालक. सुनेत्राबाईंनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं.

पूर्वी त्या भिंतीवर बुद्धांची तसबीर होती, तिच्याशेजारी बाबासाहेबांची, आणि दीड वर्षापासून खाली चंदाताईंचा फोटो. इशिताच्या चित्रात ते तिन्ही आतल्या खोलीत गेले होते आणि त्यांच्या जागी काळा चकचकीत टीव्ही आला होता. माणसाला हे लागणारच. मुलाला नाही म्हणता येत नाही, म्हणून बाप गुपचूप भिंत उकलत बसला. सरळ होतं.

सरळ होतं, पण चुकीचं. कारण भिंतीच्या उजव्या अंगाला एक खोल कोनाडा तयार होता आणि तिन्ही फोटो त्यात केव्हाच बसले होते, वर छोटा पिवळा दिवा.

"हा कोनाडा चित्रात नाहीये," त्या म्हणाल्या.

"दिलशादने पहिल्याच आठवड्यात केला. मी नुसतं फोटोंकडे बघत होतो, तर म्हणाला, टीव्ही एक फूट डावीकडे घेऊ. उरलेल्या प्लायमध्ये बनवला, पैसे घेतले नाहीत." गजभियांनी पातेल्यावरचं झाकण नीट केलं. "चंदा असती तर त्याला जेवल्याशिवाय सोडलं नसतं तिने."

मोडतोड सुरू झाली ती दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस. तोवर तक्रारीचं कारण उरलेलंच नव्हतं. आणि ज्याला भिंत नको आहे तो टीव्ही फोडेल, फळ्या ओल्या करेल, गेला बाजार कारागिरांवर खेकसेल. तो त्यांच्यासाठी पोहे करणार नाही.

सुनेत्राबाई पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या. फ्रिजवर दूधवाल्याची चिठ्ठी होती. ऑक्टोबरपर्यंत रोज अर्धा लिटर. नंतर, काम सुरू झाल्यापासून, रोज दोन लिटर.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सिद्धांत होता.

"मावशी, मी थांबलो नाही. काल रात्रीच सोसायटीला मेल टाकला. मिस्त्रीला गेटवर अडवलंय. परवा पोलिसांत देतो. तुमचा रिपोर्ट तेवढा लिहून द्या, बस."

सुनेत्राबाईंनी ग्लास ओट्यावर ठेवला. आपल्या चार दिवसांपायी एका माणसाची रोजी बुडाली, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

४

गुरुवारी सकाळी त्या गेटवर गेल्या. धुरकट हवेत रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर दिलशाद हत्यारांची पिशवी पायाशी घेऊन बसला होता. दोन दिवस तो असाच येऊन बसत होता. सुनेत्राबाईंनी गार्डच्या वहीत लिहिलं: पाहुणा, सी टॉवर, नववा मजला. आणि त्याला घेऊन थेट अकराव्यावर गेल्या.

गजभियांनी दार उघडलं. त्यांच्या मागे सतरंजी होती, ताटल्या होत्या.

"अरे, कहाँ था तू? फोन तो उठाना चाहिए ना."

"गेट बंद था अंकल," दिलशाद म्हणाला.

सुनेत्राबाईंनी वेळ घालवला नाही. सिद्धांतचा मेल, अडवलेलं गेट, उद्याची पोलीस तक्रार, सगळं एका दमात सांगितलं. गजभिये उभे होते ते सतरंजीवर बसले.

"मला हे माहीत नव्हतं मॅडम. खरंच."

"जाणतेय मी." त्यांनी पर्समधून ती पांढरी दोरी काढून ताटलीत ठेवली. "फायलीचा टॅग. कागद सुटे राहू नयेत म्हणून ओवायचा. चोर बिजागऱ्या फेकून देईल, सुतार खिशात टाकेल. त्या टॅगमध्ये ओवून ठेवणारा माणूस मंत्रालयातलाच. आणि रविवारी तुम्ही कस्तुरबा गांधी मार्गाला नव्हता. तुमचा कुकर इथे शिट्टी देत होता."

गजभियांनी तो टॅग बोटांत धरला. मग बोलले ते दिलशादकडे न बघता.

"पहिल्यांदा फक्त चार स्क्रू काढले मी. वाटलं, आणखी एक दिवस येतील. घरात कोणी हातोडी मारतंय, कोणी म्हणतंय अंकल जरा हे पकडा, कोणी विचारतंय मिरची ज्यादा का टाकली. दीड वर्षात या घरात कोणी मला काही पकडायला सांगितलं नव्हतं मॅडम. मग हा म्हणाला, कल खत्म. मला रात्री झोप लागेना. काही खराब होऊ दिलं नाही मी, बघा तुम्ही. सगळं नीट काढलं. सिद्धांतने एक लाख ऐंशी पाठवले होते, वरचे मी पेन्शनमधून दिले. मला वाटलं, पैसे माझे, दिवस माझे, नुकसान कोणाचंच नाही."

"मुझे दूसरी बार में पता चल गया था," दिलशाद म्हणाला. त्याला मराठी बोलता येत नसलं तरी महिनाभरात समजायला लागलं होतं. "पेंच गिनकर कटोरी में कौन रखता है? मैंने सोचा, बुज़ुर्ग हैं, खुद थक जाएँगे." त्याने सतरंजीचा कोपरा सरळ केला. "फिर मैं भी आता रहा."

गजभियांनी डोळे पुसले आणि मान वर केली. आवाज बदलला होता, नोटशीटवर शेरा मारताना असावा तसा.

"मॅडम, एक विचारू? टॅग तुम्ही सोमवारीच उचललात. मी बघत होतो. त्याच वेळी ओळखलंत तुम्ही."

सुनेत्राबाईंनी पर्सची चेन ओढली.

"मग गुरुवार का लागला?"

खाली कुठेतरी लिफ्टचं दार उघडलं आणि मिटलं. छत्तीस वर्षांत सुनेत्राबाईंनी शेकडो अधिकाऱ्यांना विलंबाचं कारण विचारलं होतं, आणि आता त्यांच्यावरच ती पाळी आली होती. त्या खाली बसल्या, सतरंजीवर, चौथ्या ताटलीसमोर.

"चहा चांगला होता," त्या म्हणाल्या.

५

सिद्धांतला फोन गजभियांनीच लावला, स्पीकरवर. टोरांटोला तेव्हा मध्यरात्र झाली होती.

"मिस्त्रीने काही केलं नाही. भिंत मी खोलायचो. चारही वेळा."

"का, बाबा?"

"लोक यावेत म्हणून."

"मग सांगायचं ना मला."

"काय सांगायचं होतं?" गजभियांनी विचारलं. रागाने नाही, खरंच विचारलं. सिद्धांत म्हणाला, "मी आत्ता मेल करतो सोसायटीला. मिस्त्रीला सॉरी सांगा. नको, द्या त्याला फोन, मीच सांगतो."

सुनेत्राबाईंनी रिपोर्ट लिहिला, अर्ध्या पानाचा. माल अंदाजाप्रमाणे. वाढीव मजुरी बारा दिवस, तीस हजार, घरमालकाच्या संमतीने. चौथ्या खेपेचे चार दिवस, दहा हजार, तेही त्यांच्याच संमतीने. गेटवर फुकट गेलेले दोन दिवस, पाच हजार, ते तपास करणाऱ्याच्या दिरंगाईमुळे, तपास करणाऱ्यानेच द्यायचे. पाच हजार त्यांनी त्याच दिवशी दिलशादच्या हातावर ठेवले. एकूण दोन लाख पंचवीस हजार. खाली त्यांनी नेहमीच्या सवयीने लिहिलं, खर्च योग्य आहे, आणि सही केली.

मंगळवारी पाचला भिंत पुरी झाली. दिलशादने टीव्ही चढवला, दिवे लावले, कोनाड्यातल्या फोटोंवरची धूळ पुसली. "बस अंकल, खत्म," तो म्हणाला, आणि त्याने स्वतःचा हातपेचकस, लाकडी मुठीचा, गजभियांच्या हातात ठेवला. "ये आप रखिए. आपका पुराना वाला पेंच का मुँह छीलता है."

रविवार आला. सुनेत्राबाईंनी सकाळी पेपर वाचला, दुपारी वरण-भात केला, चारला चहा टाकावा की नाही याचा विचार करत ओट्याशी उभ्या राहिल्या. एकट्यापुरता चहा करायचा त्यांना अलीकडे कंटाळा येत होता.

बेल वाजली.

दारात गजभिये उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हातात लाकडी मुठीचा पेचकस आणि वाटी. वाटीत पांढरा टॅग होता.

"सिद्धांतशी बोलणं झालं आज. पूर्ण भिंतभर दिसतो. वीस मिनिटं बोलला," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तुमच्या कपाटाची दारं लोंबतायत म्हणाला होतात. खोलायचा मला बराच सराव झालाय. लावायलाही शिकलोय थोडं."

सुनेत्राबाईंनी दार पूर्ण उघडलं. स्वयंपाकघरात येऊन गजभियांनी एकेक दार हलवून पाहिलं. सहा होती. सगळीच सैल.

"दोन तासांत होतील सगळी," ते म्हणाले.

सुनेत्राबाईंनी पातेल्यात दोन कप पाणी ओतलं आणि आलं किसायला घेतलं.

"आज एकच करा," त्या म्हणाल्या.